कावसजी हॉलातली चित्रं आणि आपला डोळा

३० सप्टेंबर १९३२ ला मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलात हिंदूंची एक मोठी सभा भरली. पुणे करारावर सह्या होऊन सहा दिवस झाले होते. अध्यक्ष पंडित मदनमोहन मालवीय. सभेनं ठरवलं की आता अस्पृश्यता घालवायची, आणि त्यासाठी साऱ्या देशाची एक संघटना काढायची. काढली. अध्यक्ष झाले घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. म्हणजे आपला उद्धार करायला पुढं कोण, तर गिरणीमालक! हीच संघटना पुढं हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले होते. त्यांनी बोटीवरनं, १४ नोव्हेंबरला, ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. आमच्यातल्या एकेका माणसाला सद्गुण शिकवत बसू नका. विहीर, शाळा, रस्ता यांवरच्या हक्काची लढाई गावागावांत उभी करा, कामधंद्यात सारखी संधी मिळवून द्या, असा त्याचा मतलब. या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलंय.

मित्रांनो, तो हॉल अजून उभा आहे. मुंबईत रीगल टॉकीजच्या चौकात, मोठ्या म्युझियमच्या समोर. १९९६ च्या डिसेंबरपासून तिथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. दिल्लीला १९५४ साली जयपूर हाऊसमध्ये जे निघालं त्याचंच मुंबईतलं घर. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेले आपले लोक दुसऱ्या दिवशी गेटवे बघायला निघतात ते याच हॉलाच्या अंगावरून. समुद्र बघतात, ताज हॉटेल बाहेरून बघतात, पोरांचे फोटो काढतात, परत फिरतात. हॉलात शिरत नाहीत. कविता, कथा, आत्मकथन यांवर आपण रात्र रात्र भांडतो. बांधिलकी कशाला म्हणायचं यावर आपल्यात तुकडे पडले. पण चित्रावर आपल्या अंकातून एक पान सापडत नाही. मी चित्रकलेचं काही शिकलेलो नाही. डाळमिलमध्ये चाळणीवर उभा राहून जे वाचता येतं तेवढं वाचलंय, आणि दोन डोळे आहेत. तेवढ्यावर लिहितो.

आधी इमारत. कारण तिथं चित्राच्या आधी इमारतच अंगावर येते. हॉल मूळचा १९११ चा. ज्यानं गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं म्युझियम आखलं, त्याच जॉर्ज विटेटनं हाही आखला. पैसा कावसजी जहांगीर यांचा, म्हणून नाव त्यांचं. बाहेरून सगळं जुनं, दगडी, भारदस्त. आत पाऊल टाकलं की डोकं गरगरतं. जुन्या सभागृहाचं अख्खं पोट मोकळं करून वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी त्यात नवी इमारत बसवली. काम बारा वर्षं चाललं. एकावर एक पाच टप्पे. अर्धगोल गॅलऱ्या, जिन्यानं एकमेकींत गुंतलेल्या. तुम्ही चढता, वळता, पुन्हा चढता. मघाशी जी भिंत डोक्यावर होती ती आता पायाखाली आलेली असते. शेवटी एकदम घुमटाखाली येता. जुनं कवच तसंच ठेवून आत नवं शरीर. नारळाच्या करवंटीत कुणी घर बांधावं तसं.

इमारत मला आवडली. खोटं कशाला बोलू? घुमटाखाली उभा राहिलो तेव्हा दीक्षाभूमी आठवली. तिथलाही घुमट आतून पोकळ आहे. पण तिथं माणूस जमिनीवर बसतो. शेजारी दुसरा बसतो, त्याच्या शेजारी पोरगं पेंगतं, म्हातारी पिशवीतनं भाकर काढते. इथं बसायची रीत नाही. चढायचं, बघायचं, उतरायचं, आणि तेही एकट्यानं, हळू आवाजात. मला वाटतं या नव्या रचनेनं सगळ्यात मोठी गोष्ट कोणती केली असेल तर ती ही : सभेचा हॉल मोडून एकट्याचा जिना केला. पूर्वी हजार माणसं एका जमिनीवर, एका वक्त्याकडं तोंड करून बसायची. आता ती जमीनच उरली नाही, तिचे पाच तुकडे झाले. चित्रांना भिंती पाहिजेत आणि भिंती वाढवायच्या तर जमीन कापावी लागते, हे मला कळतं. पण काय कापलं हेही कळायला पाहिजे.

काय कापलं? या हॉलाचा इतिहास संग्रहालय स्वतःच सांगतं, लपवत नाही. आधी इथं गाण्याच्या मैफली, मोठ्या सभा. मग शहरात वातानुकूलित, चांगल्या आवाजाची सभागृहं झाली आणि हा हॉल मागं पडला. मग तो स्वस्तात भाड्यानं जाऊ लागला : बॉक्सिंगचे सामने, कामगार युनियनच्या सभा, लग्नाच्या पार्ट्या, आणि चामड्याच्या, रेशमाच्या, तयार कपड्यांच्या मालाचे सेल. पुढं पिलू पोचखानवाला, केकू गांधी अशा कलेतल्या माणसांनी नेट लावला आणि वास्तू वाचली.

ही यादी पुन्हा वाचा. ती कशाची यादी म्हणून येते? पडझडीची. हॉलाला आलेल्या वाईट दिवसांची. कामगारांची सभा भरली हा वाईट दिवस. चामडं विकायला आलं हा वाईट दिवस. लिहिणाऱ्याच्या मनात वाकडं नसेलही. पण भाषा आपोआप तिकडंच वळते, यालाच मी व्यवस्था म्हणतो. गिरणीतला माणूस स्वस्त भाड्यात हा हॉल घेऊन त्याच घुमटाखाली उभा राहून बोलला असेल, तर माझ्या लेखी हॉलाचे तेच खरे चांगले दिवस. १९३२ साली आत बसलेले आपल्याबद्दल ठराव करत होते. युनियनच्या सभेत माणूस स्वतःबद्दल ठराव करतो. हा फरक कुठल्या फलकावर लिहायचा?

तिकीट वीस रुपये. आपल्याला अडवणारं तिकीट नाही. आत जे आहे ते वाचायची आपली भाषा चालणार नाही, ही जी आधीपासून मनात बसवलेली भीती आहे ती अडवते. 'मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही' हे वाक्य आपला माणूस हसत हसत बोलतो आणि दारावरून परत फिरतो. मी म्हणतो, आपल्याला जे कळतं ते आतल्या कैक विद्वानांना कळत नाही. उदाहरण देतो.

तय्यब मेहता हे फार मोठे चित्रकार. १९२५ चा जन्म, २००९ ला गेले. १९४७ च्या दंगलीत मुंबईत मोहम्मद अली रोडच्या भागात एका माणसाला जमावानं ठार मारताना त्यांनी खिडकीतून बघितलं, आणि ते जन्मभर त्यांच्या चित्रातून गेलं नाही. ते वांद्र्याच्या कत्तलखान्यात जात. १९७० साली 'कूडल' नावाची छोटी फिल्म केली तिचं काही चित्रणही तिथलंच. पाय बांधून पाडलेला बैल त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. त्यांतला १९५६ चा एक बैल एप्रिल २०२५ मध्ये लिलावात ६१ कोटी ८० लाखांना गेला. पेपरात आलं होतं.

तो बैल मी मोबाईलवर आमच्या मिलमधल्या एका हमाल मामांना दाखवला. मामांचं वय साठीच्या पुढं. त्यांचा बाप गावचा येसकर. मेलेली ढोरं ओढून ओढून खांदा वाकडा झालेला माणूस. किंमत मी आधी सांगितली नाही. मामांनी चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला, आणि इचारलं, "ह्येला कशासाठी बांदलाय?"

मी म्हणलं, म्हणजे?

"आरं, बैलाचे पाय तीन कामाला बांदतेत. नाल ठोकायला पाडतेत तवा. कापायला पाडतेत तवा. आन् मेल्यावर दांडीला घालून उचलायचा आसंल तवा. तिन्ही बांदण्या येगळ्या. ह्यातली कोन्ती?"

मी बरीच पुस्तकं चाळली आहेत. या बैलात फाळणी दिसते, माणसाची कोंडी दिसते, बलदंड जीव असहाय झालेला दिसतो, असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. एवढं ताकदीचं जनावर पाय बांधून आडवं पाडलं जातं ते बघून चित्रकारही हादरला होता. पण 'कशासाठी बांधलाय' हा प्रश्न मला कुठं वाचायला मिळाला नाही. हा प्रश्न दोराला हात लागलेला माणूसच विचारू शकतो. नाल ठोकायला पाडलेला बैल तासाभरात उठून औताला जातो. कत्तलखान्यातला उठत नाही. तिसरा आधीच गेलेला असतो आणि त्याच्याखाली चार माणसं वाकलेली असतात. एकाच आकाराच्या आत तीन वेगळी दुःखं आहेत. तिसऱ्या दुःखातली चार माणसं चित्राच्या चौकटीबाहेर आहेत. ती चार माणसं म्हणजे मामांचा बाप. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ढोरं ओढणं सुटलं, आणि ते सोडल्याबद्दल गावोगाव बहिष्कार पडले. तो इतिहास डोळ्यात घेऊन तय्यब मेहतांचा बैल बघा. चित्र लहान होत नाही, मोठं होतं. समीक्षेचं काम हेच असेल तर मामा समीक्षक आहेत.

किंमत सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणले, "जित्या बैलाला येवढं कुणी देत न्हाई."

आता माझ्या धंद्यातलं थोडं. माझी मिल डाळीची. भुसा, चुनी, एलेव्हेटरचा खडखडाट. कापूस तिथं बघायलाही मिळत नाही. पण गिरणी म्हणलं की आपल्या माणसाला मुंबईची कापडगिरणीच आठवते. गॅलरीत प्रत्येक चित्राखाली पट्टी असते : नाव, साल, आणि 'कॅनव्हासवर तैलरंग'. कॅनव्हास म्हणजे कापडच ना? कुणीतरी ते विणलं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपल्या थुंकीचा धागा दुसऱ्या जातीच्या कामगाराला चालत नसे. पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. कामगार एक आहे म्हणणाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला. म्हणजे कापडावर चित्र काढणं लांबच राहिलं, कापड विणायलाही आपलं तोंड चाललं नाही. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू असलेला माणूस काढलाय, देवदासी काढल्या आहेत. ती चित्रं आपल्याला लगेच कळतात. मडकं थुंकीसाठी, झाडू पावलं पुसायला. पेशवाईतलं मडकं आणि गिरणीतला धोटा यांत अंतर शंभर वर्षांचं आहे, थुंकी तीच.

आणि या मडक्यावरूनच मला ज्या माणसाकडं यायचं होतं तो येतो. के. एच. आरा.

आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? १९४७ साली मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. भारतातल्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास यांच्याशिवाय सांगताच येत नाही. सूझा गोव्याचा ख्रिश्चन, आई शिवणकाम करून घर चालवणारी. हुसेन पंढरपूरचा, सिनेमाचे बोर्ड रंगवून वर आलेला. आणि आरा दलित घरातला. त्याचा जन्म १९१४ चा, सिकंदराबादेजवळच्या बोलारमचा. म्हणजे निजामाच्या मुलखातला. जसं १९४८ पर्यंत आपलं चाकूर होतं तसंच. बाप ड्रायव्हर. आई लहानपणीच गेली. पोरगं सातव्या वर्षी पळून मुंबईला आलं. घरगडी झालं, गाड्या पुसल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलं. चित्रकलेच्या शाळेची पायरी या माणसाला परवडली नाही. स्वतःच शिकला. १९४२ साली काळा घोड्याजवळच्या चेतना हॉटेलात त्याचं पहिलं प्रदर्शन लागलं, १९४४ ला गव्हर्नरचं बक्षीस मिळालं. पुढं जवळच्याच आर्टिस्ट्स सेंटरचं काम बघत त्यानं नवख्या पोरांना हात दिला. १९८५ ला गेला.

ज्याला शाळा मिळाली नाही त्याला 'भाबडा', 'सहजस्फूर्त', 'आदिम' म्हणायची एक जुनी खोड समीक्षेला आहे. सूझा विचार करतो, आरा नुसता काढतो, असं. ही विशेषणं आपल्या ओळखीची आहेत. आपल्या कवितेलाही तेच म्हणतात : अनुभव दाहक, पण घडण कच्ची. शाळेत शिकलेल्याला मेंदू असतो आणि न शिकलेल्याला नुसता अनुभव, हा कुठला न्याय? स्वतः शिकणारा माणूस दर रेघेला विचार करतो, कारण त्याला कुणी आयतं सांगितलेलं नसतं.

आता आरानं काय काढलं? फुलदाण्या. फळं. भांडी, सुरया, मडकी. आणि नग्न बाया. हे कळल्यावर आमच्या एका कार्यकर्त्या मित्रानं तोंड वाकडं केलं. तो म्हणला, "नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला १९७८ साली पोचीराम कांबळेंना जाळलं. त्याचं चित्र दाखव, मी वीस किलोमीटर चालत येतो. फुलदाणी काढणारा आपला कसला? तो तर त्यांच्यात जाऊन बसला."

मित्राचा राग मला कळतो. त्या रागावरच तर आपली चळवळ उभी आहे. पोचीराम कांबळेंचं चित्र नाही हा प्रश्न खरा आहे, आणि तो संग्रहालयाला विचारलाच पाहिजे. पण तो आराला विचारायचा नाही. बामण चित्रकारानं फुलदाणी काढली तर ती कला, आणि आरानं काढली तर ती गद्दारी, हा नियम कोणी केला? आपण केला असेल तर आपण नकळत गावगाड्याचाच नियम चालवतो. गावगाड्यानं सांगितलं, तू ढोर ओढ. आपण सांगतो, तू ढोर ओढतानाचं चित्र काढ. काम बदललं, वाटणी तीच.

आणि तुम्ही आराचं मडकं नीट बघितलंय का? १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. कशासाठी? इंग्रजीत चित्राचं नाव 'टू जग्ज'. म्हणजे दोन जग. पाण्याचे जग हो! पण आपल्या भाषेत वाचलं तर दोन जगं, दोन दुनिया. हा शब्दाचा योगायोग; आरानं तसं धरून नाव दिलं असं मी म्हणत नाही. योगायोग नसलेली गोष्ट वेगळीच आहे. महाडच्या चवदार तळ्यानंतर पंचवीस वर्षांनी, ज्या माणसाच्या जातीनं भांड्याला हात लावला की भांडं बाटत होतं, त्याच माणसानं पाण्याची दोन भांडी काढली आणि शहरातल्या मोठ्यातल्या मोठ्या लोकांनी त्यावर पदक ठेवलं. दुसऱ्या कुणा चित्रकारासाठी मडकं ही नुसती वस्तू असेल : गोल आकार, उजेड, सावली. आपल्या माणसासाठी मडकं कधीच नुसती वस्तू नव्हती. ते शिवायचं की नाही यावर जीव जायचा, अजून जातो. अशा वस्तूला जवळ बसून, तास तास बघून, हवा तो रंग देऊन 'हे माझं आहे, मी हात लावतो' असं म्हणणं हे मला शांतपणे केलेलं चवदार तळं वाटतं. आरा नकार देत नाही, घोषणा देत नाही. तो भांड्याला हात लावतो. आपल्या सौंदर्यशास्त्रात याला जागा नसेल तर शास्त्र वाढवलं पाहिजे.

नग्न बायांच्या चित्रांबद्दल मात्र मी असं छातीठोक बोलणार नाही. 'ब्लॅक न्यूड' नावाची त्याची मालिका नावाजलेली आहे. काळ्या अंगाला सुंदर म्हणणं ही गोष्ट मोठी, गोऱ्या कातडीच्या कॅलेंडरांनी भरलेल्या देशात तर फारच मोठी. पण बाई तिथंही फुलदाणीसारखीच ठेवलेली वाटते : बघायची, गप्प असलेली. मला ती पटत नाहीत. यावर आपल्या कार्यकर्त्या मैत्रिणींनी लिहावं. पुरुषांनी पुरुषाची बाजू घेऊन पानं भरण्यात अर्थ नाही.

मी गेलो त्या दिवशी आराचं चित्र भिंतीवर होतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. असली संग्रहालयं प्रदर्शनं बदलत राहतात, साठ्यातली चित्रं आतबाहेर होतात. तेव्हा अमुक दिवशी गेलात आणि अमुक चित्र सापडलं, असं होत नाही. म्हणून एकदा जाऊन भागत नाही. जायची सवय पाहिजे. आणि संग्रहालयाला मागणी करायची सवय पाहिजे. ते केंद्र सरकारचं आहे, म्हणजे आपल्या पैशाचं आहे. महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त घरांत लागलेलं आधुनिक चित्र कोणतं? निळ्या कोटातले बाबासाहेब. झोपडीत, विहारात, रिक्षात, पानटपरीत. ते कुणी काढलं, कुणी छापलं, कोट निळा कधी झाला, हातात पुस्तक कधी आलं, बोट वर कधी गेलं, हा आधुनिक कलेचाच इतिहास आहे. तो मांडायला पाच टप्प्यांतला एक टप्पा द्यायला काय हरकत आहे? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे, गटारात उतरलेल्या माणसांचे फोटो काढले. त्यांना २०१६ ला पद्मश्री दिली. पद्मश्री भिंतीवर लावता येत नाही, फोटो येतात.

जगात सध्या एक चाल पडली आहे. कारखाना मेला की तिथं संग्रहालय उगवतं. स्पेनमध्ये बिल्बाव हे लोखंडाचं आणि जहाजांचं गाव. धंदा बसला, आणि १९९७ साली नदीकाठी फ्रँक गेरीनं टायटॅनियमच्या पत्र्याचं चमचमणारं संग्रहालय उभं केलं. लंडनला बंद पडलेल्या वीजघरात २००० साली टेट मॉडर्न झालं. लोक इमारत बघायलाच जातात म्हणे. बरं आहे. पण वीजघरातला कामगार पुढं कुठं गेला, हे इमारत सांगत नाही. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि जागेवर मॉल आले, टॉवर आले. एका जागेवर मात्र आपली माणसं ६ डिसेंबर २०११ ला घुसली आणि हटली नाहीत : दादरची इंदू मिल. तिथं बाबासाहेबांचं स्मारक व्हायचं ठरलं. २०१५ साली पायाभरणी झाली, त्यावर दहा वर्षं उलटली तरी काम संपलं नव्हतं. पुतळा किती फुटांचा, यावर पेपरात रकाने भरले. साडेतीनशे फूट, खाली शंभराचा चबुतरा. पुतळ्याच्या पायाशी चित्रांचा हॉल असेल का, त्यात कुणाची चित्रं असतील, ती कोण निवडणार, यावर मी एकही सभा झालेली ऐकली नाही. आपण मान वर करून फूट मोजतोय.

ही सभा आपण घ्यावी. इंदू मिलच्या जमिनीवर दलित चित्रकारांचा कायमचा हॉल पाहिजे, त्यात आराची भांडी, सवी सावरकरांचं मडकं, ओलवेंचे फोटो आणि निळ्या कोटाच्या जुन्या छपाया शेजारी शेजारी पाहिजेत, असा ठराव तालुक्या-तालुक्यांतून जावा. आणि हॉलात बसायला जमीन पाहिजे. भिंत थोडी कमी चालेल.

तोवर गावात जे करता येतं ते करू. आपल्या अंकात रंगीत चित्र छापायची ऐपत नाही. मुंबई-पुण्याला राहणाऱ्या ज्या साथींना आराची बरी रंगीत छपाई मिळेल त्यांनी ती चाकूरला पाठवावी किंवा येताना आणावी. चौकटीचा आणि काचेचा खर्च आम्ही मिलमधली चौघं मिळून करतो. विहारात भिंत बघून ठेवली आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या डाव्या हाताला, खिडकीशेजारी. उजेड चांगला येतो. पावसाळ्यात तिथं ओल धरते, तेवढा गिलावा मामा आधी करून देतो म्हणलेत.